जुन्या नगरातलं घर आणि त्याची चतुःसीमा

नांदेड असो की लातूर, घर शोधणाऱ्या माणसापुढे आज दोन वाटा असतात. एक म्हणजे बायपासच्या पलीकडे नव्याने पडलेल्या प्लॉटिंगमध्ये जागा घ्यायची, नाहीतर एखाद्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घ्यायचा. दुसरी म्हणजे गावाला लागून पन्नास-साठ वर्षांपूर्वी वसलेल्या एखाद्या नगरात जुनं घर घ्यायचं. पहिल्या वाटेच्या जाहिराती रोज वर्तमानपत्रात येतात. दुसऱ्या वाटेबद्दल सांगणारं फारसं कुणी नसतं, म्हणून आज तिच्याविषयी बोलावंसं वाटतं.

मी कवी माणूस. व्यवहारातलं याला काय कळतं, असं घरचेही म्हणतात. पण आजोबांनी उर्दू शिकवली होती, म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षं लोक आपल्या घराचे जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात. ते वाचून दाखवता दाखवता घर या गोष्टीविषयी मला जे समजलं, ते पुस्तकातून समजलं नसतं.

आधी ही नगरं आली कुठून ते पाहू. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाचं नांदेड म्हणजे गोदावरीच्या काठचं जुनं गाव, इतवारा, चौफाळा, वजिराबाद आणि उस्मानशाही मिलचा भोंगा. तेव्हाचं लातूर म्हणजे गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिची आखणी केली. मधली दुमजली गोल इमारत १९४५ साली उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचं मंदिर आणि तिथून निघणारे सोळा रस्ते. लातूरचा व्यापार अजूनही या गोलाईभोवती फिरतो.

संस्थान गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. या दहा-बारा वर्षांत गावात नवा माणूस आला, तो म्हणजे पगारदार. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघालं, १९६३ साली यशवंत महाविद्यालय. लातूरला १९६१ साली दयानंद, १९७० साली राजर्षी शाहू. प्राध्यापक आले, शाळामास्तर आले, तहसीलचे कारकून, एसटीचे कंडक्टर, वीज मंडळाचे वायरमन आले. १९८२ साली लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं आणि आणखी कचेऱ्या आल्या. जुन्या गल्लीतल्या वाड्यात या सगळ्यांना जागा पुरणार नव्हती. गावाला लागून असलेल्या वावरात प्लॉट पडले. रस्ते वीस-तीस फुटांचे, मध्ये एखादं मोकळं मैदान, आणि नाव कुठल्या तरी पुढाऱ्याचं नाहीतर देवाचं. ही आपली नगरं.

इथलं घर कसं, तर पुढे ओटा, बाजूला कडुनिंब किंवा बदाम, मागे आड नाहीतर हौद. पाया काळ्या दगडाचा, भिंती विटांच्या, फरशी शहाबादी. आधी पत्रे, मग मुलगा नोकरीला लागला की स्लॅब. प्लॉटच्या निम्म्या जागेत घर आणि निम्म्यात अंगण. अशा घराचा सौदा होतो तेव्हा बांधकामाची किंमत जवळजवळ कुणी धरत नाही. जागेचीच धरतात. घेणारा बहुधा पाडून नवं बांधणार असतो, आणि विकणाऱ्याची मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली असतात.

आता कागदाकडे वळू. प्रत्येक खरेदीखतात एक परिच्छेद असतो. पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमुक यांचा प्लॉट, उत्तरेस बोळ. याला चतुःसीमा म्हणतात. जुन्या उर्दू कबाल्यातही ती असते, मशरिक, मगरिब, जुनूब, शुमाल अशी. माझ्याकडे येणारी माणसं रक्कम आणि क्षेत्रफळ विचारतात. मी त्यांना आधी चतुःसीमा वाचून दाखवतो. नव्या खतातल्या चार दिशा जुन्या खताशी जुळल्या नाहीत, तर कुठेतरी जमीन सरकली आहे किंवा मधला एखादा व्यवहार लपला आहे, असं समजावं.

जुन्या कागदावर तारीख फसली सनात असते. हैदराबादचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचं. पहिला महिना आजूर. फसली सनात ५९० मिळवले की वर्षाच्या सुरुवातीचा इसवी सन मिळतो. म्हणजे १३५५ फसली हे ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१ मिळवायचे. रक्कम हाली सिक्क्यात असते. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव होता. एवढं माहीत असलं तरी जुना कागद निम्मा वाचता येतो.

या कागदांच्या पाठोपाठ बघायची ती १९५४-५५ ची खासरा पाहणी. मराठवाड्यात जमीन कुणाची, हे शोधत मागे जाताना वकील लोक या पाहणीपाशी थांबतात, कारण संस्थानानंतरच्या कब्जाची नोंद तिथे सापडते. जमीन इनामी होती का, हे त्यातून समजतं. देवस्थानाच्या सेवेसाठी किंवा दर्गा-मशिदीच्या खिदमतीसाठी दिलेली जमीन सेवेकऱ्याला विकता येत नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन असं लिहिलेलं असलं, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. वक्फची नोंद असेल तर विक्री टिकतच नाही. नगर साठ वर्षं उभं आहे, सगळे राहतात, म्हणजे सगळं ठीकच असेल, असं धरून चालू नये. छत्रपती संभाजीनगरची लेबर कॉलनी आठवावी. सरकारी नोकरांसाठी बांधलेली ती घरं. निवृत्तीनंतरही कुटुंबं तिथे राहिली, दुसरी पिढी तिथे वाढली. मे २०२२ मध्ये प्रशासनाने ती पाडली. राहणं वेगळं आणि मालकी वेगळी.

त्यानंतर अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन. शेतीची जमीन घरासाठी वापरण्याची परवानगी म्हणजे अकृषिक आदेश, आणि प्लॉट, रस्ते, मैदान दाखवणारा मंजूर नकाशा म्हणजे रेखांकन. साठ-सत्तरच्या दशकातल्या चांगल्या नगरांत हे दोन्ही सापडतात. जिथे सापडत नाहीत तिथे गुंठेवारी असते. शेतकऱ्याने गुंठा-गुंठा तोडून विकलेली जागा. ती नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटला लागू झाली. गुंठेवारीचं घर घेऊच नये असं नाही. पण नियमितीकरणाचा दाखला हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आपल्याकडे ‘बॉण्डवर घेतलाय’ असा एक शब्दप्रयोग आहे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन झालेला व्यवहार. त्यासोबत कधी मुखत्यारपत्र जोडलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितलं आहे की मुखत्यारपत्र आणि करारनामा यांच्या आधारे स्थावराची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. घरपट्टीची पावती हीसुद्धा मालकी नव्हे. महापालिका कर वसूल करते, मालक ठरवत नाही. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक बघावं, झालेलं नसेल तिथे सातबारा.

आणि बहिणींच्या सह्या. जुन्या नगरातल्या घराचा मूळ मालक बहुधा वारलेला असतो. विकायला मुलगे पुढे येतात. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आमच्याकडे शरियतने मुलीचा हिस्सा पहिल्यापासून ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. दोन्हीकडे व्यवहार सारखाच होतो. बहिणीला विचारतच नाहीत, नाहीतर सणाला बोलावून साडी-चोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. एका कुटुंबात चार भाऊ विकायला बसले होते. मी कबाला वाचत होतो. दाराशी उभी असलेली बहीण म्हणाली, “भाईजान, अब्बांच्या कागदात माझं नाव कुठे आहे का बघा.” कागदात तिचं नाव नव्हतं, हक्क मात्र होता. त्या दिवशी सौदा झाला नाही. घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की राहिलेली सही दहा वर्षांनी नोटीस होऊन घरी येते. आणि नोटिशीचं सोडलं, तरी दुसऱ्याच्या हिश्श्यावर आपण चूल मांडायची का, हा प्रश्न उरतोच.

कागद झाले की घर आणि जमीन. लातूरकरांना हे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदं अंगावर पडून. तोवर भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात सुरक्षित, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. म्हणजे त्याआधीची आपली घरं भूकंप होणारच नाही असं धरून बांधलेली आहेत. जुनं घर तसंच ठेवून राहायचं असेल तर दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारी काँक्रीटची पट्टी आहे का, कोपऱ्यात तडे आहेत का, भिंतींचा अंदाज न घेता वर दुसरा मजला चढवलाय का, हे अभियंत्याला दाखवावं.

दुसरं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यानंतर लातुरात घर बघणारा माणूस दिवाणखान्याआधी बोअर बघतो. जुन्या नगराची जमेची बाजू म्हणजे नळाची लाइन जुनी आणि पक्की असते. पण आड किंवा बोअर दोन घरांत सामाईक असेल, तर त्यातला वाटा खतात लिहिलेला आहे का ते पाहावं. नांदेडचा प्रश्न उलटा आहे. तिथे गोदावरी आणि आसना कधी घरात येतील ते विचारावं लागतं. नदीच्या बाजूचं घर असेल तर पूररेषा बघावी, आणि शेजारच्या म्हातारीला विचारावं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ती पायरी दाखवते.

तिसरा रस्ता. २००८ साली नांदेडला गुरुता गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याआधी नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराचे रस्ते रुंद झाले, आणि अनेकांचे ओटे, दुकानं, अंगणं त्यात गेली. शहराला रस्ते हवेच होते. पण घेणाऱ्याने विकास आराखड्यात आपल्या प्लॉटवरून रेघ जाते का, हे आधी बघायला हवं. शेवटचं, मैदान. रेखांकनात मुलांसाठी सोडलेली मोकळी जागा आज प्रत्यक्ष मोकळी आहे का, ते फिरून बघावं.

आता चतुःसीमेतल्या माणसांकडे येतो. माझ्या मते जुनं नगर घेण्यासारखं असतं ते तिथल्या माणसांमुळे, आणि तीच बाजू सगळ्यात कमी तपासली जाते.

मला माहीत असलेली ही नगरं वसली तेव्हा प्लॉट नोकरीच्या ओळखीवर गेले. एका शाळेतले मास्तर, एका कचेरीतले कारकून मिळून वावर बघायचे आणि हप्त्याने पैसे भरायचे. म्हणून एका ओळीत देशमुख, कुलकर्णी, शेख, लिंगायत वाणी, एखादे सरदारजी असे शेजारी झाले. कुणी मुद्दाम एकोपा करायला बसलं नव्हतं. पगार सारखा होता, इतकंच. ती काही रामराज्याची वस्ती होती असंही नाही. दलितांची घरं बहुतेक ठिकाणी वेगळ्या वस्तीतच राहिली. १९४८ च्या आधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर उगवलेला सूड, या दोन्हींच्या आठवणी घराघरांत होत्या. तरीही दहा-बारा वर्षांत ही माणसं एका आडाचं पाणी भरू लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

आज तीच घरं पुन्हा विकली जात आहेत, आणि आता नोकरी कुणी विचारत नाही, आडनाव विचारतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी नांदेडला घर शोधत होतो. चार ठिकाणी बोलणी होऊन, इसाराची तारीख ठरून मोडली. चौघांचं वाक्य एकच होतं, “आमची काही हरकत नाही हो, पण शेजारी...” एका ठिकाणी मी त्या शेजाऱ्याकडेच गेलो. चहा घेतला. तो म्हणाला, “मला तर कुणी विचारलंच नाही.” शेजाऱ्याच्या नावावर किती नकार खपवले जातात, ते तेव्हा कळलं.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? घटनेचं पंधरावं कलम धर्म-जात बघून भेदभाव करू नये असं प्रामुख्याने शासनाला बजावतं. खाजगी मालकाने आपलं घर कुणाला विकावं, यावर ते सरळ लागू होत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद पारशीच असावा हा नियमही वैध ठरवला. म्हणजे ही गोष्ट कोर्टात सुटणारी नाही. ती विकणाऱ्याच्या हातात आहे.

तिचे परिणाम मात्र व्यवहारात दिसतात. जुन्या नगरात ज्यांना घर मिळत नाही ते सगळे एकाच बाजूला जातात. नांदेडला देगलूर नाक्याकडे पाहावं. जागा थोडी आणि घेणारे सगळे तिथेच, म्हणून भाव चढतो. प्लॉट लहान, रस्ता अरुंद, कागद बॉण्डचे. बॉण्डवर बँक कर्ज देत नाही, म्हणून बायकोचे दागिने मोडतात. चांगल्या पगाराचा माणूससुद्धा जास्त पैसे मोजून कच्चा कागद घेतो. आणि दोन्हीकडची मुलं एकमेकांचे सण फक्त मोबाइलवर बघतात. यात आमच्या बाजूचंही सांगायला हवं. मोहल्ल्यातलं एखादं हिंदू घर विकायला निघतं, तेव्हा “काका, जाऊ नका” म्हणणारे आमच्यातही थोडेच असतात.

मला पाचवं घर मिळालं. विकणारे निवृत्त मुख्याध्यापक होते. इसार घ्यायच्या आधी ते मला दोन्ही बाजूंच्या घरी घेऊन गेले. म्हणाले, “यांना देतोय. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, मागून नको.” डावीकडच्या काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “गुरुजी उन्हाळ्यात आम्हाला बोअरचं पाणी देत होते. तुम्ही द्याल का?” मी हो म्हणालो. दुसरा कुठला प्रश्न आलाच नाही.

हे सगळ्यांच्या बाबतीत होईल असं नाही. शेजार बदलतोच. लातूरच्या आणि नांदेडच्या कितीतरी जुन्या घरांची आता वसतिगृहं झाली आहेत. शिकवणीला आलेली वीस-वीस मुलं एका घरात राहतात, ओट्यावर चपलांचा ढीग आणि रात्री दोनपर्यंत दिवे. तीही आपलीच मुलं, पण म्हाताऱ्या माणसांची झोप जाते. म्हणून घर घेण्यापूर्वी तीन वेळा जावं. एकदा सकाळी पाणी येतं तेव्हा, एकदा संध्याकाळी दिवेलागणीला आणि एकदा रात्री दहानंतर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी बोलावं. समोरचं घर विकायला निघालंय का, ते विचारावं.

खर्चाचा हिशोबही आधी मांडावा. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी जास्त असेल तिच्यावर भरावं लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर २०२१ पासून त्यात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांहून जास्त नाही. सवलतीसाठी का होईना, खतावर घरातल्या बाईचं नाव लागतं, हे मला चांगलं वाटतं.

घेणाऱ्यांना सांगायचं ते सांगून झालं. विकणाऱ्यांना एक विनंती आहे. तुम्ही मुलाकडे पुण्याला जाल, तिकडे रमाल. पण ज्याला घर द्याल त्याचं नाव तुमच्या शेजाऱ्याच्या पुढच्या खतात एका दिशेला लिहिलं जाईल. त्या दिशेला भाव जास्त देणारा माणूस हवा, हे बरोबरच आहे. मात्र दोन माणसं सारखाच भाव देत असतील, तर आडनावाआधी एवढं बघा की उन्हाळ्यात शेजारच्या काकूंना बोअरचं पाणी कोण देईल.